बरं होणार नाही, मग करायचं काय?

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर.)

कंपनीच्या बसमध्ये असाल किंवा नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर हेडफोन नीट लावा. आजचा विषय जरा जड आहे. घरातलं माणूस बरं होणार नाही हे कळल्यावर काय करायचं, त्याबद्दल बोलणार आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. बग शोधा, फिक्स करा, तिकीट बंद करा, हे माझं काम. माझे पप्पा चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होते. मशीन बंद पडलं की उघडायचं, पार्ट बदलायचा, चालू करायचं. म्हणजे आम्ही बापलेक दोघंही दुरुस्तीवालेच. दोन वर्षांपूर्वी पप्पांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. हॉस्पिटलात एका डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता करण्यासारखं काही नाही, घरी न्या."

घरी नेलं. आणि मग कळलं, करण्यासारखं किती असतं ते. रात्री दोन वाजता पप्पा तोंडात टॉवेल धरून कण्हायचे, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. मी मोबाईलवर नवीन ट्रीटमेंट शोधत बसायचो. त्यांच्याजवळ बसायचं सोडून!

आमच्या गल्लीत एक रिटायर्ड नर्स राहतात. ख्रिस्ती, मूळच्या नगरकडच्या, मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेल्या. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं ते हॉस्पिटल. या मावशी चर्चमधल्या दोघीतिघींबरोबर आजारी माणसांच्या घरी जातात. आईने त्यांना बोलावलं, तेव्हा एक शेजारी माझ्या कानाशी लागले, "सांभाळ हां, जाता जाता धर्म बदलतील." खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच आलं. पप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला देहू.

मावशी आल्या. हात धुतले. पप्पांना विचारलं, "भाऊ, कुठं दुखतंय? दहापैकी किती?" पप्पा म्हणाले, "नऊ." इतक्या दिवसांत हा आकडा त्यांना आम्ही कुणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी पप्पांचं तोंड ओल्या कापसाने पुसलं, कूस बदलून पाठीला उशी लावली, दर दोन तासांनी हे का करायचं ते मला दाखवलं. एका जागी पडून राहिलं की कातडीला जखमा होतात म्हणून. शेवटी विचारलं, "तुम्हाला काय ऐकायला आवडेल?" पप्पा म्हणाले, "हरिपाठ." मावशी मला म्हणाल्या, "लाव की मोबाईलवर." आणि स्वतः डोळे मिटून बसून राहिल्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही प्रार्थना नाही केलीत?" त्या म्हणाल्या, "केली की, मनात. त्यांनी मागितली असती तर मोठ्यानं केली असती."

हे वाक्य डोक्यात राहिलं, म्हणून नंतर मी वाचायला लागलो. आज जगभर ज्याला हॉस्पिस म्हणतात, त्याचं आधुनिक रूप उभं केलं सिसिली सॉन्डर्स यांनी. आधी नर्स, मग पाठीच्या दुखण्यामुळे वैद्यकीय समाजसेविका, आणि १९५७ मध्ये डॉक्टर. बाई पक्क्या ख्रिस्ती. पण त्यांना वाट दाखवणारा पेशंट ज्यू होता. डेव्हिड टास्मा, वॉर्सॉहून लंडनला आलेला वेटर. १९४८ मध्ये तो वारला आणि त्यांच्या होणाऱ्या घरात आपली एक खिडकी असावी म्हणून ५०० पौंड ठेवून गेला. १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. खिडकी आधी आली आणि घर १९ वर्षांनी! सॉन्डर्स म्हणायच्या की वेदना फक्त शरीराची नसते. मनाची, घरच्यांची, पैशाची आणि श्रद्धेची अशी सगळी मिळून एकच असते. म्हणून गोळी देणारा आणि जवळ बसणारा, दोघंही लागतात.

आपल्याकडे भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याला, माउंट मेरीजवळ. शांती आवेदना सदन. टाटा हॉस्पिटलमधले कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये सुरू केलं. तिथं शुश्रूषा करतात त्या होली क्रॉसच्या सिस्टर्स. पैसे घेत नाहीत आणि कुठल्याही धर्माचा पेशंट चालतो. गोव्यात लोटलीलाही त्यांची शाखा आहे. आणि आपल्या जवळ, पुण्यात वारज्याला, १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे. ते धार्मिक नाही, पण तेही मोफत.

मावशींनी आम्हाला पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मॉर्फिन लिहून दिलं. मी घाबरलो. मॉर्फिन म्हणजे नशा, मॉर्फिन म्हणजे शेवट, असंच डोक्यात होतं. डॉक्टरांनी समजावलं: योग्य डोस, घड्याळ लावून, दुखायच्या आधी. त्याने माणूस लवकर जात नाही. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ व्हायचं औषध. बघा, आपल्या देशात अफूची कायदेशीर शेती होते, पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे मॉर्फिन पेशंटपर्यंत पोचणं फार अवघड झालं होतं. २०१४ मध्ये कायदा बदलला तेव्हा वाट जरा मोकळी झाली. पप्पांचा नऊचा आकडा तीनवर आला. टॉवेल परत बाथरूममध्ये गेला.

आता मुद्द्याचं. एका रात्री पप्पांनी मला विचारलं, "मी चाललोय का रे?" मी पटकन म्हणालो, "काही होत नाही पप्पा, बरे व्हाल तुम्ही." ते गप्प झाले आणि भिंतीकडे वळले. सकाळी मावशींना सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळा, त्यांनी दार उघडलं होतं. तू लावून घेतलंस."

चार दिवस पप्पा काही बोलले नाहीत. मग मीच हिंमत केली. "पप्पा, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "मला वाटतं, आषाढीपर्यंत नाही पोचत मी." आणि मग तासभर बोलले. पतपेढीचं कर्ज किती राहिलंय, आईला एकटं गावी पाठवू नकोस, आणि काकांशी पंधरा वर्षं अबोला होता, त्यांना फोन लाव. लावला. दोघं भाऊ फोनवर नुसते रडले.

विचार करा, मी दार लावूनच ठेवलं असतं तर?

शेवटच्या आठवड्यात पप्पांनी जेवण सोडलं. आई जबरदस्तीने भरवायला जायची. मावशींनी तिचा हात धरला, "वहिनी, शरीर आवरतंय आता. भरवलं तर ठसका लागेल. ओठ ओले करा, तेवढं पुरे." पप्पा पहाटे गेले. मी उशाशी होतो, हातात ओला कापूस होता. मावशी तेराव्यालाही आल्या, मागे बसल्या, चहा घेऊन गेल्या.

तुमच्या घरात कुणी असं असेल, तर तीन गोष्टी करा. दुखतंय किती, ते आकड्यात विचारा. "करण्यासारखं काही नाही" असं कुणी म्हणालं, तर पॅलिएटिव्ह केअरचा डॉक्टर कुठे आहे ते विचारा, आणि शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. आणि तो अवघड प्रश्न आला, की उत्तर द्यायची घाई न करता उलट विचारा, "तुम्हाला काय वाटतं?"

पप्पांची पान्यांची पेटी माझ्या टेबलाखाली आहे. अजून उघडली नाही. उघडेन.

आजच्यापुरतं एवढंच. घरी पोचल्यावर आधी पप्पांशी बोला, मग पुढचा एपिसोड ऐका. भेटू!