घरचे बियाणे आणि संकरित तूर

तुरीची रास खळ्यावर पडली की जाणता शेतकरी टपोरा दाणा निवडून पुढील पेरणीसाठी वेगळा ठेवतो. ही चाल पिढ्यान् पिढ्यांची, आणि शहाणपणाची. परंतु तूर संकरित असेल तर हेच शहाणपण अंगलट येते. असे का व्हावे, याचा आज थोडा विचार करू.

बडोद्याच्या मुलखात तूर हे जुने, ओळखीचे पीक. शहरातील मॉडेल फार्मवर कडधान्यांचे संशोधन केंद्रही आहे. याच गुजरातेत २००४ साली ‘जीटीएच-१’ ही संकरित तूर लागवडीसाठी देण्यात आली. हरभऱ्याचे फूल आपले परागण कळीतच उरकते. तुरीच्या फुलांवर मात्र मधमाश्या येतात. शास्त्रज्ञांनी रानतुरीशी संकर करून पराग न देणारा, म्हणजे नरवंध्य, वाण सिद्ध केला. त्याच्या ओळींशेजारी पराग देणारा दुसरा वाण पेरला, की संकराचे काम मधमाश्या करतात.

मेंडेलने वाटाण्याच्या उंच व बुटक्या झाडांचा संकर केला, तेव्हा पहिली पिढी सारी उंच निघाली. दुसरीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी, म्हणजे सुमारे तिनास एक, असे प्रमाण आले. तेथे उंची एकाच जनुकजोडीवर अवलंबून होती. उत्पन्न मात्र फांद्या, शेंगा, शेंगेतील दाणे, दाण्याचे वजन अशा अनेक गुणांचे फळ. त्यामागे जनुकेही अनेक, शिवाय पाऊस आणि जमीन यांचा हात असतोच.

पहिल्या संकरित पिढीत दोन्ही आईबापांकडील भिन्न जनुके एकत्र येतात आणि वाढीला जोम चढतो. असे झाड आपल्याच परागाने फळले, तर या भिन्न जोड्या पुढच्या पिढीत निम्म्याच उरतात. मग एक झाड उंच तर दुसरे खुजे, एक लवकर तर दुसरे उशिरा फुलणारे. काही नरवंध्यही निघतात. जोम ओसरतो आणि उतारा घटतो.

म्हणून संकरित तूर पेरणाराने बियाण्याचा खर्च दरसाल धरून चालावे. तो झेपत नसेल, तर संकरिताचे बी राखण्यापेक्षा चांगला सुधारित सरळ वाण बरा. त्याचे बियाणे मात्र इतर तुरीपासून दूर, निरोगी झाडांवरून घ्यावे. बी निवडताना दाण्याच्या रूपाबरोबर त्याचे कूळही पाहावे.