थायरॉइड आणि पहाटे लुळे पडणारे पाय



आयोजकांनी मला मोजून पाच मिनिटं दिली आहेत, तेव्हा थेट विषयालाच हात घालतो.

थायरॉइड म्हटलं की आपण म्हणतो, बायकांचा आजार. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. पण ही ग्रंथी जास्त काम करू लागली की होणारा एक प्रकार मात्र मुख्यतः पुरुषांत दिसतो, तोही ऐन विशी ते चाळिशीत, आणि आपल्या आशियाई लोकांत जास्त. रात्री धडधाकट झोपलेला तरुण पहाटे उठायला जातो, तर पाय उचलतच नाहीत. शुद्ध असते, स्पर्श कळतो, पण मांड्यांत जोर नसतो. घरच्यांना वाटतं, अर्धांगवायूच झाला!

होतं काय, तर जादा हार्मोनमुळे रक्तातलं पोटॅशियम एकदम स्नायूंच्या पेशींत शिरतं. दिवसभर अंगमेहनत, रात्री भरपूर भात किंवा गोडाधोडाचं जेवण आणि मग झोप, एवढं निमित्त पुरतं. रक्तातलं पोटॅशियम ३.५ ते ५ मिलिमोल हवं. ते २च्या आसपास येऊ शकतं. त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून ताबडतोब हॉस्पिटल गाठायचं. पोटॅशियमच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, कारण झटका ओसरताना ते पेशींतून रक्तात परत येतं आणि प्रमाणाबाहेर वाढू शकतं.

खरी चूक होते ती पुढे. काही तासांत पाय सुधारतात, माणूस चालत घरी येतो आणि थायरॉइड तपासायचा राहून जातो. वजन उतरणं, घाम, छातीत धडधड, हात थरथरणं ही लक्षणं अनेकांत सौम्य असतात. आखातातल्या उन्हात राबणाऱ्याला घाम आला, तो वाळला, याचं कुणाला नवल वाटणार? मग एका पहाटे दुसरा झटका येतो.

म्हणून एवढंच लक्षात ठेवा: पाय गेले आणि पोटॅशियम कमी निघालं, तर 'डॉक्टर, टी.एस.एच. केली का?' असं विचारा. ही साधी रक्ततपासणी आहे. पुढे गोळ्या, किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया, असे उपाय आहेत; तोवर प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध झटके रोखायला मदत करतं. थायरॉइड ताळ्यावर आला की झटके थांबतात.

घरापासून दूर, एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या आपल्या कामगार बांधवाला ही तपासणी आणि औषधं परवडावीत, यासाठी आज सढळ हाताने द्या. तुमच्या मदतीने कुणीतरी उद्या स्वतःच्या पायांवर कामाला जाईल.