ओळखीचं कुणी आहे का?

(आंबेडकर जयंतीनिमित्त समाजकल्याणच्या एका वसतिगृहात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



तुमच्या गृहपालांनी मला सांगितलं होतं, "मुलांना नोकरी कशी मिळवायची ते सांगा." ते मी शेवटी सांगेन. आधी नोकरी नाकारली कशी जाते ते सांगतो. कारण नाकारणाऱ्यांच्या खुर्चीत मीही बसलेलो आहे.

मी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. आम्ही १८ जण आहोत. शाळा, दवाखाने, दुकानदार यांच्यासाठी वेबसाइट बनवतो. वर्षाला दोन-तीन फ्रेशर घेतो. आमच्याकडे वेगळं एचआर खातं नाही. मालक, एक सीनियर आणि मी, एवढीच निवड समिती. मी स्वतः अशाच वसतिगृहात राहून शिकलो. बारावीला मला ५४ टक्के होते. हा आकडा लक्षात ठेवा.

छोट्या कंपनीत जागा निघाली की जाहिरात नंतर येते. आधी व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो, "ओळखीचं कुणी आहे का?" मग कुणाचा मावसभाऊ येतो, कुणाच्या सोसायटीतला मुलगा येतो. यात कुणी कुणाची जात विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही. आपल्याकडे लग्नं जातीत होतात, वस्त्या जातीवर वसतात, मग ओळखी कुठून वेगळ्या असणार? एकदा मी हिशेब मांडला. पहिल्या चार वर्षांत आम्ही नऊ फ्रेशर घेतले, त्यातले सात ओळखीतून आले होते. त्या सातांत आपल्या समाजाचं एकही नव्हतं.

आणि मी? मीही कुणाचं नाव दिलं नव्हतं. "बघा, आपला माणूस आणला," असं कुणी म्हणेल या भीतीनं. बाकीचे बिनधास्त भाचे-पुतणे आणत होते, त्यांना ही भीती शिवतही नव्हती.

ओळखीतून जागा भरली नाही की मग जाहिरात. तिच्यात एक ओळ असायची: दहावी, बारावी, पदवी, सगळीकडे किमान ६० टक्के, गॅप नको. ही ओळ मीच टाइप केली होती, दुसऱ्या एका जाहिरातीतून उचलून. या अटीत मी स्वतः बसलो नसतो. हे माझ्या ध्यानात यायला तीन वर्षं लागली.

आता तिसरी गोष्ट सांगतो. ती सांगायला मला जड जातं.

२०१९ साली बीड जिल्ह्यातली एक मुलगी मुलाखतीला आली. बीसीएस झालेली, मध्ये एक वर्षाचा गॅप. त्या वेळी अर्ज कमी आले होते म्हणून बोलावलं. आधी आम्ही सगळ्यांना एक काम दिलं: दवाखान्यात नाव नोंदवायचा फॉर्म दोन तासांत बनवा. तिचा फॉर्म मोबाइलवर नीट उघडत होता, बाकीच्यांचा मोडत होता. मी विचारलं, हे कसं सुचलं? म्हणाली, "सर, आमच्याकडं लॅपटॉप कुणाकडं असतो?" तिनं स्वतःहून एक पान बनवलं होतं. टोळीनं किती टन ऊस तोडला, मुकादमाकडून किती उचल घेतली, किती फिटली, याचा हिशेब ठेवणारं.

मालकांनी विचारलं, "वडील काय करतात?" ती म्हणाली, "ऊसतोड." "गॅप कशाचा?" "आई आजारी होती. तिच्या जागी कोयत्यावर गेले."

खोलीत कुणी काही बोललं नाही. मग सीनियरनं इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांग. ती अडखळली.

ती गेल्यावर मालक म्हणाले, "पोरगी हुशार आहे. पण आपल्या वातावरणात बसेल असं वाटत नाही." आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या आडनावावरून मला सगळं कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार. मी मान हलवली. तिच्या कागदावर "कम्युनिकेशन वीक" हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. आमच्याकडे फ्रेशर वर्षभर ग्राहकाशी बोलतच नाही. आणि आमचे ग्राहक मराठी नाहीतर हिंदीत बोलतात.

जो मुलगा घेतला तो वाईट नव्हता, चांगलं काम करायचा. पण त्या दोन तासांच्या कामात ती त्याच्या पुढे होती.

ही फक्त आमची गोष्ट नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत आला. त्यांनी वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना खासगी नोकऱ्यांसाठी अर्ज पाठवले. शिक्षण सारखं, आडनावं वेगळी. सवर्ण हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला पुढचं बोलावणं येण्याचं प्रमाण ०.६७ निघालं, मुस्लीम नावाला ०.३३. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्ली परिसरातल्या २५ एचआर मॅनेजरांच्या मुलाखती मांडल्या. गुणवत्तेची भाषा सगळ्यांच्या तोंडी, आणि तरी उमेदवाराची कौटुंबिक पार्श्वभूमी त्यांना महत्त्वाची वाटत होती. "वडील काय करतात?" हा प्रश्न आमच्या मालकांनी शोधून काढलेला नाही.

बाबासाहेब कोलंबियात शिकून आले, मुंबईत गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा व्यवसाय सुरू केला. जात कळल्यावर ग्राहक फिरकेनासे झाले. पदवीनं जे दार उघडलं ते आडनावानं बंद केलं.

२०२१ मध्ये आमची दोन माणसं एकाच महिन्यात सोडून गेली. तेव्हा मी मालकांना म्हटलं, या वेळी माझ्या पद्धतीनं करू. त्यांना न्याय पटला असं मी म्हणणार नाही, त्यांना माणसं हवी होती. आम्ही टक्क्यांची आणि गॅपची अट काढली. जाहिरात पगाराच्या आकड्यासह तालुक्याच्या कॉलेजांना आणि वसतिगृहांना पाठवली. काम ऑफिसच्या संगणकावर करायला दिलं, येण्या-जाण्याचं भाडं दिलं. तपासताना नावाऐवजी फक्त नंबर. मुलाखतीचे प्रश्न आधी लिहून ठेवलेले, सगळ्यांना तेच, भाषा उमेदवाराच्या पसंतीची. वडील, गाव, आडनाव यांवर प्रश्न नाही. आणि आपसात बोलण्याआधी प्रत्येकानं आपले गुण कागदावर लिहायचे. ही शेवटची अट मी माझ्यासाठी घातली. पुन्हा कुणाच्या नजरेकडे बघून मान हलवायची नव्हती.

त्यानंतर घेतलेल्या सहांपैकी चार जणांची आमच्यात कुणाशीच ओळख नव्हती. दोघं घरातले पहिले पदवीधर आहेत.

पण एका कंपनीच्या सुधारणेनं प्रश्न सुटत नाही. संविधानाच्या कलम १६ मधलं आरक्षण सरकारी नोकरीपुरतं आहे. खासगी नोकरीच्या खोलीत ते येत नाही, तिथं आज सगळं त्या तिघांच्या मनावर आहे. ते मनावर राहू नये म्हणून खासगी क्षेत्रातल्या प्रतिनिधित्वाची मागणी आपल्याला लावून धरावीच लागेल.

आता तुमच्यासाठी. कोर्सच्या सर्टिफिकेटांपेक्षा चालणारी दोन पानं दाखवा. ती तुमच्या आयुष्यातली असू द्या: मेसचा हिशेब, टँकरची पाळी, काहीही. त्यातली प्रत्येक ओळ का लिहिली हे सांगता आलं पाहिजे. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले तर उठून या. मूळ कागदपत्रं ठेवून घेतो म्हणाले तर देऊ नका. पगार लेखी मागा. वडील काय करतात विचारलं तर मान वर करून सांगा. लाज त्यांच्या कामाची नाही, विचारणाऱ्याच्या हेतूची आहे.

आणि उद्या तुम्ही त्या खोलीत पलीकडच्या खुर्चीत बसाल. तेव्हा मी केलं ते करू नका. ग्रुपवर मेसेज येईल, "ओळखीचं कुणी आहे का?" तेव्हा न घाबरता लिहा, "आहे. आमच्या वसतिगृहात चाळीस जण आहेत. सगळ्यांची परीक्षा घ्या."

जय भीम.