हजेरीच्या यंत्रामागील माणसे



सॉफ्टवेअरवर बोलायला मजूर-संघटनेचा माणूस कशाला, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. आमचे शिक्षण वाचनालयात आणि मोर्चात झाले. परंतु मजुराची हजेरी ज्या वस्तूवर अवलंबून राहते, ती वस्तू कशी घडते हे समजून घेणे आम्ही आमचे कामच मानतो.

सॉफ्टवेअर म्हणजे संगणकाला क्रमवार दिलेल्या सूचना. त्या माणसे लिहितात, आणि एकमेकांशी बोलून लिहितात. मोखाड्याच्या रस्त्यावर पाच मजूर खडी पसरत असताना आणखी पाच आले, तर काम लवकर आटोपते. सॉफ्टवेअरचे तसे नाही. पाच जणांत बोलणाऱ्यांच्या जोड्या १० होतात. दहा जणांत ४५. शिवाय नव्यांना समजावण्यात जुन्यांचे दिवस जातात. आय.बी.एम. कंपनीत असे प्रचंड काम सांभाळलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली आपल्या पुस्तकात हाच निष्कर्ष मांडला. रेंगाळलेल्या कामावर माणसे वाढवली की ते अधिकच रेंगाळते.

त्यापूर्वी १९६८ साली मेल्विन कॉनवे यांनी आणखी खोलात जाऊन पाहिले होते. संस्थेत जसा संवाद, तशी तिने घडवलेल्या वस्तूची ठेवण, असे त्यांचे म्हणणे. जी दोन खाती आपसांत बोलत नाहीत, त्यांची कामे सॉफ्टवेअरमध्येही जुळत नाहीत. आम्ही यात भर घालतो ती अशी, की जो माणूस त्या बोलण्यात मुळीच नसतो, त्याच्या अडचणीला त्या वस्तूत जागाच राहत नाही.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवर मोबाईलवरची हजेरी सर्वत्र सक्तीची झाली. मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र घ्यायचे आणि जागेच्या खुणेसह वर पाठवायचे. हेतू चांगला होता. खोट्या मस्टरने खऱ्या मजुराचेच नुकसान होते. पण आपल्या डोंगरांतल्या कोणत्या पाड्यावर रेंज मिळते आणि कोणत्या उतारावर जाते, हे तिथल्या मेटला ठाऊक. छायाचित्र पोहोचले नाही की नोंद अडकायची, आणि नोंदीपाठोपाठ मजुरी. घातलेला बांध डोळ्यांना दिसतो, पण यंत्राच्या लेखी तिथे कोणी आलेच नव्हते!

नॉर्वेत या प्रश्नाला कामगार संघटनेने हात घातला. क्रिस्टन न्यूगोर हे ‘सिम्युला’ या संगणकभाषेच्या दोन जनकांपैकी एक. प्रत्यक्षातल्या कामकाजाची प्रतिकृती संगणकात मांडण्यासाठी ती भाषा जन्मली. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले, आणि कामगारांनी आपापल्या कारखान्यांतील संगणकपद्धती स्वतः अभ्यासल्या. १९७५ साली कामगार आणि मालक यांच्या मध्यवर्ती संघटनांत करार झाला. नव्या पद्धतीची माहिती कामगारांना समजेल अशा भाषेत आधी द्यावी, आणि त्यासाठी त्यांचा स्वतःचा प्रतिनिधी असावा, हे त्यात मान्य झाले.

आमचे मागणे याहून मोठे नाही. हजेरीचे सॉफ्टवेअर सक्तीचे करण्यापूर्वी ते घडवणाऱ्यांच्या समक्ष, मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावर पंधरवडाभर चालवून पाहावे. मेटचे म्हणणे मराठीत लिहून घ्यावे. यंत्र अडले तर हाताने भरलेले मस्टर ग्राह्य धरावे आणि मजुरी थांबवू नये.

आपल्यापैकी कित्येकांची मुले-मुली आज पुण्या-मुंबईत ही कामे करीत असतील. ती सुट्टीत घरी आली की त्यांना जरूर विचारा, की तुम्ही घडवता ते ज्याच्या हातात जाणार, तो माणूस तुमच्या बैठकीला कधी आला होता काय?