भाडं वाढवलं म्हणून भाडं थांबवू नका

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आज आधी माझी चूक सांगते, मग कायदा सांगते.

आपल्या एका गटाने तालुक्याच्या गावी मिरची कांडपासाठी गाळा घेतलाय. करार ३३ महिन्यांचा, भाडं महिना ३,००० रुपये. आठव्या महिन्यात मालक गाळ्यावर आले आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून ४,५०० द्या. परवडत नसेल तर मशीन उचला." अध्यक्ष ताईंनी मला फोन केला. मी रागाच्या भरात बोलून गेले, "भाडंच देऊ नका, मग येतील वठणीवर."

दोन महिने भाडं दिलं नाही. मग वकिलाची नोटीस आली. तिच्यात ४,५०० चा शब्दही नव्हता. लिहिलं होतं: दोन महिन्यांचं भाडं थकलं, कराराची अट मोडली, गाळा रिकामा करा. म्हणजे मुळात चूक मालकाची, पण कागदावर चुकलेल्या आपण! मशीनचं कर्ज अजून फिटायचं होतं आणि गाळा हातचा जायची वेळ आली. माझ्या एका वाक्यामुळे दहा घरांच्या पोटावर पाय येणार होता.

आम्ही तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे गेलो. हे लक्षात ठेवा, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला मोफत वकील मिळू शकतो. त्याला उत्पन्नाची अट नाही. १५१०० हा त्यांचा मदतीचा नंबर आहे.

वकील मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "करारपत्र कुठंय?" ते सचिव ताईंच्या पत्र्याच्या पेटीत साड्यांखाली होतं. सह्या झाल्यापासून कुणी उघडलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: पहिले १२ महिने ३,०००, पुढचे १२ महिने ३,१५०, शेवटचे ९ महिने ३,३००. मधेच वाढ करायची अट कुठेच नव्हती. मॅडम म्हणाल्या, "करार दोघांनी मिळून केलाय, तो एकट्याला बदलता येत नाही. पण तुम्हीही तो पाळला पाहिजे."

त्याच दिवशी गटाच्या खात्यातून मालकांच्या खात्यात ६,००० रुपये भरले आणि पत्र पाठवलं. मालक कुरकुरले, पण पैसे घेतले आणि नोटीस पुढे रेटली नाही. मशीन आजही चालू आहे.

आता यातून काय शिकायचं ते सांगते. गाळा असो, घर असो, की शहरात शिकणाऱ्या लेकीची खोली असो.

पहिलं, करारपत्र काढा आणि मोठ्याने वाचा. मुदत किती, भाडं किती, वाढ कधी आणि किती, या तीन ओळींवर खूण करा. करार नोंदवलेला असेल आणि आपल्याकडे प्रत नसेल, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल मिळते.

दुसरं, ठरलेलं भाडं ठरलेल्या तारखेला भरत राहा. रोख देऊ नका, खात्यावर पाठवा. रोखच द्यावं लागलं तर पावती घ्या. मालक भाडं घेत नसतील तर ते मनीऑर्डरने पाठवा. परत आली तरी तिचा कागद जपून ठेवा. आपण भाडं द्यायला तयार होतो, याचा तो पुरावा.

तिसरं, "या महिन्यापुरते जास्त द्या" म्हटलं तरी देऊ नका, आणि नव्या कागदावर सही करू नका. एकदा दिलं की "यांना मान्य होतं" असं म्हणायला जागा होते.

चौथं, तोंडी भांडू नका, पत्र द्या. दोन-तीन ओळी पुरतात: "आपल्या करारात या मुदतीचं भाडं महिना अमुक रुपये ठरलं आहे. मुदत संपेपर्यंत आम्ही तेच नियमित भरू. वाढीव मागणी आम्हाला मान्य नाही." खाली तारीख आणि सही. पोस्टाने पाठवा, पोचपावती घ्या, एक प्रत फाइलला लावा. गटाचा गाळा असेल तर आधी ठराव करून इतिवृत्तात लिहा.

पाचवं, मालकाची नोटीस आली तर घाबरू नका, पण पेटीतही टाकू नका. लगेच विधी सेवा समितीकडे जा.

आता थोडं कायद्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे. तो सरसकट प्रत्येक खेड्याला लागू नाही. कायद्याच्या परिशिष्टात जी शहरं आणि गावं आहेत, तिथेच तो लागतो. ग्रामपंचायतीच्या मालकीच्या गाळ्यालाही तो लागत नाही. जिथे लागतो तिथे भाडेकरूचं भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं. २,००० भाडं असेल तर ८० रुपये. मालकाने सुधारणांवर खर्च केला किंवा घराचा कर वाढला, तर त्यापोटी वेगळी वाढ मागता येते, पण तिलाही मर्यादा आहे. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. सबळ कारण नसताना भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडणं गुन्हा आहे. आणि करार लिहून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने नोंदवला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

पण बायांनो, हल्ली बहुतेक करार ११ महिन्यांचे 'लिव्ह अँड लायसन्स' असतात. त्यांना ते ४ टक्क्यांचं संरक्षण नसतं. तिथे करारात लिहिलेलंच खरं. म्हणून सही करायच्या आधी वाचायचं. "वेळोवेळी मालक ठरवतील ते भाडं" असं वाक्य दिसलं तर थांबा. ते खोडून आकडा लिहून घ्या.

एक गोष्ट खरी सांगते. हे सगळं मुदत संपेपर्यंतच. मुदत संपल्यावर लिव्ह अँड लायसन्सचा मालक भाडं वाढवून मागू शकतो किंवा जागा परत मागू शकतो. म्हणून त्या कांडप गटाने आतापासूनच दुसरी जागा बघायला घेतलीय आणि दर महिन्याला अनामतीसाठी थोडे पैसे बाजूला टाकतायत. मुदत संपायच्या तीन महिने आधी बोलणी सुरू करायची, असा ठराव केलाय.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे भाड्याची जागा आहे, त्यांनी करारपत्राची झेरॉक्स घेऊन यावी. लेकी शहरात खोली घेऊन राहतायत, त्यांच्या करारांचे फोटो मागवा. आपण सगळ्या मिळून वाचू. मीही या वेळी आधी वाचीन, मग बोलेन.