सायकल ट्रायल्सची वाट आखताना

(हीरक महोत्सवी वर्षातील पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मैदानामागील पडीक जागेत सायकल ट्रायल्ससाठी छोटा मार्ग उभारावा, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी केली आणि पालकसभेत तिला विरोध झाला. ‘मुलाचा हात मोडला तर जबाबदार कोण?’ हा प्रश्न रास्तच आहे. त्याचे उत्तर मार्गाच्या आखणीत दडलेले असल्यामुळे आज आखणीविषयीच बोलणार आहे.

हा खेळ वेगाचा नव्हे. आपल्या क्रीडादिनातील संथ सायकल शर्यत आठवा. तिच्याशी याचे नाते अधिक जवळचे. स्पेनमधील कातालोनिया प्रांतात १९७०च्या दशकात तो रुजला. मोटारसायकल ट्रायल्समधील नामवंत पेरे पी यांनी आपला मुलगा ओट याला सायकलीवर त्याच तंत्राचे धडे दिले, आणि हाच ओट पुढे विश्वविजेता झाला. फितींनी बांधलेल्या टापूतील खडक, ओंडके, लाकडी रिळे यांवरून सायकल न्यायची. पाय टेकला की एक दंडगुण. पारंपरिक पद्धतीत पाच दंडगुण झाले की तो टप्पा हुकला.

या नियमातच आखणीकाराची खरी कसोटी आहे. पाय टेकणे हा दंड असला, तरी स्वाराला पाय टेकता आला पाहिजे. प्रत्येक कठीण जागेजवळ सपाट, घट्ट, मोकळी भूमी हवी. चुकीची किंमत गुणांत मोजली जावी, हाडांत नव्हे. दोन फळ्यांमधील पाऊल अडकेल अशी फट, वर आलेला खिळा, पायाखाली डुगडुगणारा दगड यांना काठिण्य म्हणत नाहीत. तो निव्वळ निष्काळजीपणा होय.

मग काठिण्य आणायचे कोठून? नवखा आखणीकार उंची वाढवतो, कारण तो सर्वांत सोपा उपाय आहे. जाणता आखणीकार वाट बदलतो. दीड फुटाचे दोन ओंडके सायकलीच्या लांबीएवढ्याच अंतरावर, किंचित तिरपे ठेवले, की दुसऱ्यावर चढण्यासाठी धाव घ्यायला जागाच उरत नाही. स्वाराला जागच्या जागी तोल सावरून, मागच्या चाकावर उसळी घेऊन वर जावे लागते. उंची तीच, पडण्याचे अंतर तेच. विचार मात्र दुप्पट करावा लागतो. सर्वांत उंच अडथळा टप्प्याच्या शेवटी ठेवू नये, असेही मला वाटते. तोवर हात थकलेले असतात.

शिक्षिका म्हणून मला सर्वाधिक भावते ती रंगीत बाणांची पद्धत. टापू एकच असतो, पण प्रत्येक गटाच्या बाणांचा रंग निराळा. नवशिक्यांचे बाण खडकाच्या उतरत्या कडेने जातात, निष्णातांचे थेट माथ्यावरून. मुलींसाठी वेगळा सोपा मार्ग असेल का, असे एका पालकांनी विचारले होते. नसेल. बाणाचा रंग कौशल्यावर ठरेल.

स्पर्धेआधी दोघांनी मार्ग चालवून पाहावा. एक उंच स्वार, एक ठेंगणा. आखणाऱ्याने स्वतःच्या ताकदीला मार्ग मानू नये. रिळे व फळ्या जमिनीशी जखडाव्यात, प्रेक्षकांची दोरी पडण्याच्या बाजूस नसावी, आणि शिरस्त्राणाविना कोणीही टापूत उतरू नये. दिवसभरात माती झिजते, चिखलाने ओंडके निसरडे होतात. म्हणून मधूनमधून पुन्हा पाहणी करावी, आणि पाऊस आला तर एखादा टप्पा सरळ वगळावा. मुले हिरमुसतील, हिरमुसू द्यावीत.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मैदानावर चुन्याने आखलेल्या रेषा असतील. एकही ओंडका अजून ठेवलेला नाही. ज्यांचा आक्षेप आहे त्यांनी आवर्जून यावे, मुलांनाही सोबत आणावे, आणि जेथे पाय टेकायला जागा अपुरी वाटेल तेथे खुंटी ठोकून ठेवावी. त्या खुंट्या पाहूनच पहिला ओंडका कोठे बसवायचा ते आपण ठरवू.