अर्धं पान

साखळीकर रसिकहो,

संमेलनाध्यक्षाचं हे व्यासपीठ आयुष्यात एकदाच मिळतं. म्हणून वीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आज वाळवंटी नदीच्या काठी बोलतो.

मधु लिमये यांच्यावर मी एका स्मरणिकेला आठ पानांचा लेख दिला होता. छापलं अर्धं पान. बाकीची जागा मंत्र्यांच्या शुभसंदेशांनी खाल्ली. सात फोटो, सात सह्या, मजकूर एकच! जाब विचारला, तर उत्तर आलं, ‘अनुदान कोण देतं, ठाऊक आहे ना?’ उत्तर देणारे कोण, ते सभागृह जाणतं. तेव्हापासून त्यांनी समित्या पुष्कळ भूषवल्या, पुस्तक एकही लिहिलं नाही.

कात्री कशाला लागली, ते ऐका. जुलै 1955 मध्ये पुण्याचा हा तेहेतीस वर्षांचा समाजवादी सत्याग्रही घेऊन गोव्यात शिरला. पेडण्यात पोर्तुगीज पोलिसांनी त्यांना बेदम मारलं. डिसेंबरात लष्करी न्यायालयाने बारा वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. लिमयांनी ना बचाव केला, ना अपील. एकोणीस महिन्यांहून अधिक काळ कोठडीत काढला.

1964 साली मुंगेरहून ते लोकसभेत गेले. तिथे नियमांचं पुस्तक हेच त्यांचं शस्त्र. 1974 मध्ये पुद्दुचेरीच्या आयात परवान्यांचं प्रकरण निघालं. 21 खासदारांच्या नावांचा अर्ज, त्यावरच्या बहुतेक सह्या बनावट. सीबीआयचा अहवाल सभागृहापुढे ठेवा, म्हणून विरोधकांनी सरकारला धारेवर धरलं, त्यांत लिमये आघाडीवर होते. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली, तेव्हा लोकांनी पाच वर्षांसाठी निवडलंय म्हणत तुरुंगातूनच राजीनामा धाडला. स्वातंत्र्यसैनिकाचं निवृत्तिवेतन नाकारलं, माजी खासदाराचंही नाकारलं.

माझे बाबा पेडण्याचे. त्या पावसाळ्यात ते दहा वर्षांचे होते. आजीने दार लावून घेतलं होतं. फटीतून त्यांनी रक्ताने माखलेल्या सदऱ्यांची माणसं नेताना पाहिली. पुढे जन्मभर बाबा कुठल्याही सरकारी कचेरीत चहा प्याले नाहीत. कारण विचारलं की म्हणायचे, ‘पाणी पण मागूंक नाय रे त्यांनी.’

रसिकहो, मराठीला राजभाषेचा मान द्या, असं आपण 1987 पासून सांगतो आहोत. मीही सांगतो. पण एका हातात मागणीचा कागद आणि दुसऱ्या हातात अनुदानाचा धनादेश, अशा माणसाचं सरकार का ऐकेल? खाणींचंही तेच. 2012 साली शहा आयोगाने गोव्यातल्या बेकायदा खाणकामाचा 35,000 कोटींचा आकडा मांडला. खाणींची ती लाल धूळ आपल्या डिचोली तालुक्याच्या भातशेतीवर वर्षानुवर्षं बसली होती. आपल्या लेखणीवर का बसली नाही? शुभसंदेशाला पान देणारी लेखणी जाब विचारायचं विसरते, म्हणून! आमच्या डिचोलीच्या मित्रांनीही या संमेलनासाठी जाहिराती घेतल्या, त्यांना मी बोल लावत नाही. मंडपाचं भाडं कोणी तरी भरायलाच हवं. जाहिरातीची पावती फाडता येते, हिशेब मिटतो. शुभसंदेशाची पावती नसते, त्याची परतफेड साहित्याला करावी लागते.

म्हणून अध्यक्ष या नात्याने ठराव मांडतो. पुढच्या स्मरणिकेत एकाही मंत्र्याचा शुभसंदेश नको. पानं कोरी राहिली तरी चालतील. मान्य असेल त्यांनी हात वर करावेत. पहिल्या रांगेतल्यांनीसुद्धा.